शेजाऱ्याची रोजी

जिनिंग-प्रेसिंगच्या हमालीवर आणि एस. टी.च्या पगारावर बोलण्यात आमचा जन्म गेला. आज मात्र शेजारच्या निवृत्त अण्णांनी आपला पंखा दुरुस्त केला तर त्यांस काय द्यावे, हे सांगावयास आम्ही उभे आहोत. मंडळींस हसू येईल. येऊ द्यावे.

हे अण्णा कोण? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ते बहुधा एस. टी.तून किंवा एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले, १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे, हे तिचे गणित. पगार १५,००० आणि नोकरी ३५ वर्षे धरली, तर महिना ७,५०० येतात. पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पगाराची मर्यादा ६,५०० होती, म्हणून जुन्या माणसाच्या हाती पुष्कळच कमी पडते. त्याच दिवसापासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. २०१८ च्या डिसेंबरात बुलढाण्यास हेच म्हातारे साखळी उपोषणास बसले, ते उगाच नव्हे.

तरीही घरोघरी ऐकू येते, "त्यांना पेन्शन आहे की! चहा पाजला म्हणजे झाले." पेन्शन ही मागच्या कामाची मजुरी आहे. ती दया नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सरकारी पेन्शनरांच्या नकारा खटल्यात सांगून टाकले. मागची मजुरी दाखवून आजची कापता येत नाही. दर कामाचा असतो, माणसाच्या गरजेचा नसतो. शिवाय अण्णा फुकटात वायरिंग करू लागले, की चौकात उभ्या असलेल्या तरुण वायरमनचा दरही आपोआप पडतो.

"पण शेजारधर्म?" असे कोणी विचारील. शेतकऱ्याची सावड आठवावी. आज माझा बैल तुझ्या वावरात, उद्या तुझा माझ्या वावरात. सावडीत पैसा नसतो, पण हिशेब पक्का असतो. अण्णांच्या औषधासाठी आपण खामगावास खेपा घालीत असाल, त्यांचे अर्ज भरून देत असाल, तर ती सावड झाली. तेथे पैसे पुढे करणे हा अपमानच होईल. परतफेड काहीच नसेल, तर त्या कामाचे जुने नाव वेठ. त्याच १९८२ साली, एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठच, असा निकाल झाला. शेजाऱ्याच्या नळावर कोणी खटला घालणार नाही, पण तत्त्व तेच.

आता दर. समजा, गावात वायरमनचा रोज ८०० रुपये आहे. आठ तासांनी भागून तासाचे शंभर देणे दिसावयास बरोबर, पण अर्ध्या तासाच्या कामाला पन्नास रुपये हातावर ठेवणे हा निव्वळ कंजूषपणा. हत्यारे काढणे, दुकानात जाऊन वायसर आणणे, पुन्हा येणे यात सकाळ मोडते. लहान कामालाही पाव रोज, म्हणजे दोनशे, द्यावा. दोन तासांच्या वर गेले की अर्धा. सामानाचे पैसे वेगळे आणि आधी. दर काम सुरू होण्यापूर्वी विचारावा, कारण काम झाल्यावर अण्णा "राहू द्या हो" म्हणणारच. पैसे त्याच दिवशी, घरच्या कर्त्या माणसाने स्वतः द्यावेत. जुना सदरा किंवा उरलेले जेवण ही मजुरी नव्हे.

आणि पत्र्यावर चढण्याचे, उंच शिडीचे काम सत्तरीच्या माणसास कितीही रोज दिला तरी सांगू नये. कारखान्यात पडला तर भरपाईचा कायदा तरी असतो. आपल्या ओसरीवर पडला, तर त्याच्या म्हातारीने कोणाकडे जावे?