पाटाच्या मागावर

उत्तर इंग्लंडमधल्या हेब्डन ब्रिज गावाच्या पश्चिमेला कोल्डन नावाचा ओढा एका अरुंद, गच्च झाडीच्या घळीतून खाली उतरतो. त्या झाडीत मध्येच एक दगडी चिमणी उभी आहे. आसपास कारखाना म्हणावा असं काही उरलेलं नाही. कवी टेड ह्यूज यांचं लम्ब बँक हे घर याच घळीच्या उतारावर आहे. येणारा-जाणारा चिमणीचा फोटो काढतो आणि पुढे जातो. खरं तर ही चिमणी इथे उशिरा आली. ती कोळशाच्या आणि वाफेच्या काळातली. त्याआधी इथल्या कापसाच्या गिरण्या चालल्या त्या ओढ्याच्या पाण्यावर, आणि त्या काळाच्या खुणा बघायच्या तर नजर खाली, पालापाचोळ्यात ठेवावी लागते.

गिरणी म्हटलं की आपल्याकडे लालबाग-परळ, भोंगा आणि दाटीची चाळ आठवते. पण कापसाची गिरणी जन्मली डोंगरातल्या पाण्याकाठी. रिचर्ड आर्कराइटने १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं, नॉटिंगहॅमला ते घोडे जुंपून चालवलं, आणि १७७१ मध्ये डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डला मुक्काम हलवला. तिथे ओढा होताच, शिवाय शिशाच्या खाणीतलं पाणी बाहेर काढणारा एक बोगदाही होता. खाणीतलं हे पाणी कोमट असल्याने थंडीत गोठत नसे. आर्कराइटने नेमकी जागा हेरली होती! पुढे खाणवाल्यांनी आणखी खोल बोगदा खणला, पाणी तिकडे वळलं. गिरणीवाले कोर्टात गेले आणि हरले.

हेब्डन ब्रिजच्या परिसरात अशी खाण नव्हती, पण पेनाइन डोंगरांचा बेसुमार पाऊस होता आणि उभ्या उताराचे ओढे होते. हवा दमट, त्यामुळे सूत कमी तुटे. वरच्या पठारावरच्या हेप्टनस्टॉलसारख्या गावांत घरोघरी लोकरीचे हातमाग चालत, म्हणजे विणकराचा हात तयार होता. १८०० च्या आगेमागे पठारावरचा हा धंदा घळींत उतरू लागला.

आता पाण्याचं गणित. ओढ्यात नुसतं चाक बुडवून गिरणी चालत नाही. चाकावर पाणी उंचावरून पडायला हवं. म्हणून गिरणीच्या बरंच वर ओढ्याला आडवा बंधारा घालायचा आणि तिथून काठाकाठाने पाट काढायचा. खानदेशातले फड पद्धतीचे बंधारे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाटाला उतार जेमतेम ठेवतात. ओढा मात्र धडाधड खाली जात असतो. त्यामुळे गिरणीपाशी पोचेपर्यंत दोघांच्या पातळीत चांगला काही मीटरचा फरक पडतो. तो फरक हीच गिरणीची सगळी दौलत. चाकावरून उतरलेलं पाणी दुसऱ्या पाटाने परत ओढ्यात सोडत, आणि खालचा गिरणीवाला तेच पाणी पुन्हा अडवी.

जंगलात हे ओळखायचं कसं? निसर्गात सरळ आणि सपाट असं फारसं काही नसतं. उतारावर बीचच्या झाडांमधून एकाच पातळीत जाणारी, ओढ्यापासून हळूहळू उंच होत गेलेली एक पट्टी दिसली, तर तो बुजलेला पाट समजावा. ओढ्याच्या काठी घडीव दगड आणि त्यात समोरासमोर कोरलेल्या उभ्या खाचा असतील, तर तिथे फळ्यांचं दार होतं. फळ्या वर-खाली करून पाणी सोडत किंवा बंद करत. अरुंद, खोल खड्ड्याच्या भिंतीवर कमानीसारखे ओरखडे दिसले तर तिथे चाक फिरत होतं. आस थोडा कलला की चाक भिंतीला घासे, त्याचे ते वळ. इमारतींचे दगड लोकांनी दुसरीकडे नेले, बंधारा आणि पाट मात्र कुणाच्या कामाचे नव्हते म्हणून राहिले.

शेजारच्या हार्डकॅसल क्रॅग्ज या जंगलातली गिब्सन गिरणी मात्र धडधाकट आहे. १८०० च्या सुमारास ती हेब्डन वॉटर या ओढ्याकाठी उभी राहिली आणि १८९० पर्यंत तिच्यातून सुती माल निघत होता. १८३३ मध्ये तिथे २१ कामगार आठवड्याला सरासरी ७२ तास काम करत. हे तासही घड्याळापेक्षा ओढा ठरवी. उन्हाळ्यात चाकासाठी पाणी साठवणारं तळं आटलं की यंत्रं थांबत. पूर आला तरी तीच गत, कारण खालचं पाणी चढून चाक बुडे. बुडालेले तास पुढच्या दिवसांत भरून काढायची सवलत १८३३ च्या फॅक्टरी कायद्यानेही ठेवली होती. पावसाची कसर माणसाच्या झोपेतून वसूल व्हायची.

कामगारांत मुलंही होती. आडबाजूच्या घळीत मजूर मिळेना, तेव्हा कित्येक गिरणीवाले गरीबखान्यांतून मुलं आणत. चेशरमधल्या क्वारी बँक गिरणीतून १८०६ मध्ये जोसेफ सेफ्टन आणि टॉमस प्रीस्टली पळाले आणि आपापल्या आईला भेटायला पायी लंडनला गेले. टॉमसचं एक बोट यंत्रात गेलं होतं. दोघांची जबानी मॅजिस्ट्रेटपुढे झाली म्हणून तरी त्यांची नावं आज माहीत आहेत.

घळीतल्या गिरण्या मोडल्या त्या कोळशाने. १७९८ मध्ये हेब्डन ब्रिजपर्यंत कालवा आला, १८४० मध्ये रेल्वे. कोळसा दारात पडू लागल्यावर वर जंगलात कोण जाणार? धंदा खाली, स्टेशनच्या बाजूला सरकला.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. मुंबईच्या गिरण्या पहिल्यापासून वाफेवर चालल्या, आणि १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र सुरू झाल्यावर लोणावळ्याच्या बाजूला साठवलेला पाऊस तारेतून गिरणगावात पोचला. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या सूतगिरणीने तर त्याआधीच, १८८० च्या दशकात, घटप्रभेचा धबधबा कामाला लावला होता.

गिब्सन गिरणीचं नशीब जरा मजेशीर निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नाचाचा हॉल आणि स्केटिंगची जागा झाली, चाकासाठी साठवलेल्या तळ्यात होड्या फिरू लागल्या. १९५० मध्ये ही जागा नॅशनल ट्रस्टकडे आली. आज तिला बाहेरून विजेची तार जोडलेली नाही. सौरपट्ट्या आणि त्याच ओढ्यावरचं टर्बाइन यांवर दिवे लागतात.

२०१५ च्या नाताळात कॅल्डर नदीला मोठा पूर आला, हेब्डन ब्रिजची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यानंतर ‘स्लो द फ्लो’ नावाच्या गटाचे स्वयंसेवक हार्डकॅसल क्रॅग्जच्या ओहोळांत लाकडी ओंडके आडवे टाकू लागले. असे शेकडो गळके बंधारे तिथे झाले आहेत. एरवीचं पाणी ओंडक्यांखालून निघून जातं. जोराचा पाऊस झाला की ते फुगून मागे साठतं आणि गावात जरा उशिराने पोचतं.