गुलबक्षीवरचे लाल शिंतोडे

मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत कुंपणाच्या कडेने गुलबक्षी आपसूक उगवते. संध्याकाळी उमललेल्या फुलांत एखादे पिवळ्यावर लाल शिंतोडे असलेले निघते. संकर झाला असेल, नाहीतर रोग पडला असेल, असे बघणारे सांगतात. संकराने रंग बदलतात हे खरे. पण असे तुटक शिंतोडे उमटण्याचे कारण वेगळे आहे.

जपानी संशोधकांनी ते 2014 मध्ये दाखवून दिले. लाल रंगासाठी लागणाऱ्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा, म्हणजे ट्रान्सपोझॉन, शिरून बसतो. जनुक बंद पडते, फूल पिवळे होते. कळी वाढताना एखाद्या पेशीतून तो निसटला की जनुक पुन्हा चालू होते आणि त्या पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशी लाल होतात. लवकर निसटला तर रुंद पट्टा, उशिरा निसटला तर बारीक ठिपका.

प्रत्येक चट्ट्यामागे मात्र हाच तुकडा नसतो. गुलबक्षीच्याच पानांवरच्या पांढऱ्या चट्ट्यांचे मूळ हरितलवकांत असते. ते केवळ बी धरणाऱ्या झाडाकडून पुढे उतरतात, हे कार्ल कॉरेन्स यांनी 1909 मध्ये दाखवले.

ट्रान्सपोझॉन म्हणजेच ‘उडती जनुके’ ही प्रयोगशाळेतली करामत आहे, हाही गैरसमजच. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना 1940 च्या दशकात ती मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांत सापडली. नोबेल मिळायला 1983 उजाडले. शिवाय सगळी उडतही नाहीत. त्यांतले रेट्रोट्रान्सपोझॉन जागचे हलत नाहीत, त्यांच्या प्रती दुसरीकडे जाऊन बसतात. म्हणूनच ते बेसुमार वाढतात. अंधेरी स्टेशनबाहेर निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या मक्याच्या जीनोमचा, म्हणजे एकूण डीएनएचा, सुमारे 85 टक्के भाग सगळ्या प्रकारच्या भटक्या तुकड्यांचा आहे. उलट युट्रिक्युलारिया गिब्बा या कीटकभक्षी पाणवनस्पतीत ते जेमतेम 3 टक्के. जीनोम फुगतो तो बराचसा अशा तुकड्यांमुळे; जीनोम मोठा म्हणजे वनस्पती प्रगत, हे समीकरण इथेच कोलमडते.

मग हा सगळा कचराच का? तसे म्हणणे चूक, आणि प्रत्येक तुकडा उपयोगी मानणेही चूक. बहुतेकांना वनस्पती रासायनिक खुणा लावून गप्प ठेवते. क्वचित एखादा मोक्याच्या जागी बसतो. द्राक्षांच्या रंगाचा ताबा असलेल्या जनुकाशेजारी ‘ग्रेट1’ हा रेट्रोट्रान्सपोझॉन बसला आणि हिरव्या द्राक्षांच्या जन्माला मोठा हातभार लागला. घाटकोपरच्या हातगाडीवरची नाशिकची हिरवी द्राक्षे त्याच वारशातली. ‘इटालिया’ या फिक्या जातीच्या एका वेलीत पुढे ‘ग्रेट1’ बहुतांशी गळून गेला. उरला फक्त टोकाचा छोटा अंश. त्या वेलीपासून लाल ‘रूबी ओकुयामा’ निपजली.