गाड्यापुढच्या घोडीची आई कोण?

थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेच्या यात्रेत बैलगाडे पळतात, तेव्हा सगळ्यांची नजर बैलांवर असते. पुढे दोन, मागे दोन आणि हातातल्या घड्याळात सेकंद. माझी नजर मात्र त्यांच्याही पुढे धावणाऱ्या घोडीकडे जाते. तिच्या मागं लागून बैल जोर धरतात. ती बिचकली, की बारी, म्हणजे गाड्याची ती धाव, गेलीच म्हणून समजा. आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी झाली. गाडामालकाला खिल्लार बैलाबद्दल विचारलं, की तो कुणाच्या गोठ्यातला, कोणत्या गाईचा, कोणत्या वळूचा, सगळं घडाघडा सांगायचा. घोडीचं विचारलं, तर एवढंच : "सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलीय, डॉक्टर."

आणि याच जिल्ह्यात, पुण्यात, देशभरच्या शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी लिहिल्या जातात! रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अखत्यारीतलं स्टड बुक कार्यालय तिथं आहे. त्या पुस्तकात नोंद नसेल, तर थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, रेसकोर्सवर उतरू शकत नाही. कोणत्या घोड्यानं कोणती घोडी कधी भरवली, हे आधी कळवायचं. अकरा महिन्यांनी शिंगरू झालं, की तेही कळवायचं. मग त्याचा डीएनए आई आणि बाप दोघांशी जुळवून पाहतात, मानेत तांदळाएवढी मायक्रोचिप घालतात आणि अंगावरच्या खुणांचं चित्र काढतात. तोंडी सांगण्याला तिथं जागा नाही. इंग्लंडमध्ये वेदरबी यांनी असं पहिलं पुस्तक १७९१ साली काढलं. आज जगातला कुठलाही थरोब्रेड नराच्या बाजूनं मोजत गेलात, तर तीनच मूळपुरुषांपैकी एकापाशी येऊन थांबता.

खुणांच्या त्या चित्रात भोवरे अगदी जपून दाखवतात, कारण रंग वयाबरोबर बदलतो, भोवऱ्याची जागा बदलत नाही. आपले जुने लोकही भोवरेच पाहत आले. छातीवरचं देवमण शुभ, अमुक जागेचा भोवरा वाईट. शकुनासाठी का होईना, घोडीचं अंग इतकं बारकाईनं वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनी पाहिलेलं कागदावर उतरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शर्यतीच्या घोड्यांच्या जगात आणखी एक रीत आहे, ती मला फार पटते. एका बापाची पन्नास शिंगरं असली, तरी त्यांना सावत्र भावंडं म्हणत नाहीत. तो मान एका आईच्या शिंगरांना. एका नराची शिंगरं गावोगाव असतात, एका घोडीला मात्र उभ्या आयुष्यात मोजकीच होतात. आपल्या घाटात, म्हणजे गाड्यांच्या धावपट्टीवर, पळते तीही बहुधा घोडीच, आणि तिचीच आई आपल्याला ठाऊक नसते.

थरोब्रेडचं पुस्तक बंद असतं. बाहेरच्या रक्ताला तिथं प्रवेश नाही. ते आपल्या कामाचं नाही. आपल्या घोड्या मारवाडी, काठेवाडी, गावठी अशा मिसळलेल्या. आपल्या जवळचं आहे ते अडथळे ओलांडणाऱ्या जर्मन खेळघोड्यांचं पुस्तक. हॅनोव्हरचे पैदासकार दुसऱ्या जातीचा नरही घेतात, पण आधी त्याची चाल, उडी आणि स्वभाव पारखून. म्हणजे तिथं जातीच्या जोडीला कामगिरीही लिहिली जाते. घाटात न बिचकता सरळ पळणारी घोडी आणि तिच्या पोटची शिंगरं यांची अशी नोंद आपण का ठेवू नये?

हा मुलूख घोड्यांना परका नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला, तेव्हा रोकडीबरोबर सुमारे २०० घोडे नेले. भीमेच्या खोऱ्यातल्या, धनगरांनी सांभाळलेल्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, ती मात्र अगदी अलीकडे. ज्याचं वर्णन लिहिलं गेलं नाही, त्याला मान्यता तरी कशाच्या आधारावर द्यायची? २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात कित्येकांनी दावणीची जनावरं मोडली. खिल्लाराची घराणी निदान जाणत्यांच्या तोंडी राहिली. घोड्यांच्या बाबतीत तेवढाही आधार नव्हता.

म्हणून शिंगरू झालं, की घरच्या वहीत लिहा : जन्मतारीख, आईचं नाव, नर कुणाचा, रंग, कपाळावरचा टिळा, पायांचं पांढरं, भोवरे. चारही बाजूंनी फोटो काढा. आयाळीचे वीसेक केस मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर शिंगराचं नाव घाला. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल धरते. केसाच्या मुळाशी डीएनए असतो, आणि असं कोरडं पाकीट कपाटात वर्षानुवर्षं टिकतं, त्याला फ्रिजही लागत नाही.