घराचा नकाशा नामंजूर झाला तर?

उसाचे पैसे हाती आले की चोपड्यात घर बांधावे, असे पुष्कळांच्या मनात असते. नगरपरिषदेने परवानगी नाकारली की कोणी हातपाय गाळतो, तर कोणी 'बघू काय होते ते' म्हणून पाया खोदतो. दोन्ही चूक!

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे नकाराची कारणे आदेशात द्यावी लागतात. ती नीट वाचा. नुसते सामासिक अंतर कमी पडत असेल, तर नकाशा सुधारून पुन्हा अर्ज करणे सोयीचे. नकारच मान्य नसेल, तर आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. तेथे दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी मिळते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: आदेश हाती पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा आणि परवानगीशिवाय कुदळ मारू नका.