गाडी सांगते, कुठं दुखतंय!

गाडीला बोलता येतं का रे? येतं! मी स्वतः ऐकलंय. म्हणजे, पडद्यावर वाचलंय!

झालं काय, बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात आमची गाडी एकदम थरथरायला लागली. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. कसंबसं गॅरेज गाठलं. वाटलं, आता तिथले मेकॅनिक अण्णा बोनेट उघडून हात काळे करणार. छे! त्यांनी चक्क लॅपटॉप काढला!

मग ते स्टिअरिंगखाली वाकले. तिथं एक सॉकेट लपलेलं असतं. वरची बाजू लांब, खालची आखूड, त्यामुळे वायर उलटी खोचताच येत नाही. आत १६ घरं, आठ-आठच्या दोन ओळी. वायरचं एक टोक तिथं, दुसरं लॅपटॉपला. किल्ली फिरवली आणि पडद्यावर उमटलं: पी०३०१!

'पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे,' अण्णा म्हणाले.

सिलिंडर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे हं! आमच्या गाडीच्या इंजिनात अशा चार छोट्या खोल्या आहेत. प्रत्येकीत पाळीपाळीनं पेट्रोल पेटतं आणि इंजिनाला धक्का मिळतो. गाडी नुसती उभी असली, तरी सेकंदाला पंचवीसच्या आसपास धक्के! त्यातला पहिल्या खोलीचा धक्का चुकत होता.

पण गाडीला कळलं कसं? आत कॅमेरा थोडाच असतो!

मैदानातला गोल फिरणारा पाळणा आठव. चार मित्र पाळीपाळीनं ढकलतायत. एकानं ढकललंच नाही तर? पाळणा किंचित मंदावतो. तुला लगेच कळतं, कुणी आळस केला ते!

इंजिनातही तसंच. तिथं एक दातेरी चाक फिरतं, जणू गोल वळवलेला कंगवा. पुष्कळ गाड्यांत त्याला ६० दातांची जागा असते, पण दात असतात ५८. दोन मुद्दाम गाळलेले! का, सांग पाहू? शेजारचा सेन्सर दात मोजत असतो. मोकळी जागा आली की त्याला समजतं, नवी फेरी सुरू झाली! मग एखादा दात केसभर उशिरा आला की इंजिनाचा कॉम्प्युटर बघतो, आत्ता पाळी कुणाची होती? पहिल्याची! लिहून ठेव: पी०३०१.

मला हे इतकं आवडलं, की मी अण्णांना म्हटलं, 'अजून काहीतरी विचारा ना तिला!' त्यांनी इंजिनाच्या पाण्याचं तापमान विचारलं. गाडी म्हणाली, १३०.

बाप रे! पण थांब. त्यातून ४० वजा करायचे. खरं तापमान ९०! गाडीला इथं फक्त ० ते २५५ असे आकडे पाठवता येतात, उणे आकडा येतच नाही. मग बर्फाच्या देशात ती काय सांगणार? म्हणून ती नेहमीच ४० मिळवून सांगते. दुकानदार भांड्यासकट तूप तोलतो आणि मग भांड्याचं वजन वजा करतो, अगदी तसं!

आताच्या गाड्यांत हे बोलणं दोन तारांवरून चालतं. त्यांची बोली बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे आणली. या कंपनीचं भारतातलं मुख्य ऑफिस बंगळुरूतच, आडुगोडीला आहे. इथली जुनी माणसं तिला 'मायको' म्हणून ओळखतात. आणि १६ घरांचं सॉकेट? ते अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं, कारण धुराची काळजी. अर्धवट जळलेलं पेट्रोल शेवटी आपल्याच नाकात जातं ना!

पण एक गंमत राहिलीच. 'कुठं' ते गाडी सांगते, 'का' ते माणसानं शोधायचं.

अण्णांनी मग काय केलं? पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल आमच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरवर बसवलेली आहे. त्यांनी पहिली दुसऱ्यावर बसवली आणि दुसरी पहिल्यावर. बंद पडलेल्या रिमोटचे सेल आपण अदलाबदल करून बघतो ना, तसं! जुना कोड पुसला. गाडी सुरू केली. थरथर तशीच.

पडद्यावर नवा कोड आला: पी०३०२!

आजार कॉइलबरोबर दुसऱ्या खोलीत गेला होता. चोर सापडला!