मांडीवरची पहिली शाळा

"फादर, आमचा मुलगा धडा घडाघडा वाचतो, पण काय वाचलेस असे विचारले, की गप्प बसतो." ही तक्रार आम्ही पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. अशा वेळी दोष मुलाला तरी दिला जातो किंवा शाळेला. वास्तविक या अडचणीचे मूळ पुष्कळदा शाळेच्या पहिल्या दिवसाआधीच्या वर्षांत असते.

वाचन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे फिलिप गॉफ व विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले. पहिली क्षमता अक्षरे ओळखून शब्द वाचण्याची. दुसरी, ऐकलेली भाषा समजण्याची. गुणाकारातील एक संख्या शून्य असली, की उत्तर शून्यच येते. अक्षरओळख शाळा करून देते. भाषेची समज मात्र जन्मापासून कानावर पडणाऱ्या शब्दांतून घडत जाते. 'जेव', 'झोप', 'दप्तर भर' एवढ्यावर घरातले बोलणे संपले, तर बालकाला शब्द मिळणार कोठून? गलबत, वादळ, हेवा, पश्चात्ताप हे शब्द त्याला गोष्टीतच भेटतात.

मात्र नुसते वाचून दाखवणे पुरेसे नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. पालकांचे दोन गट होते. दोन्ही गट मुलांना वाचून दाखवत होते. परंतु एका गटाला वाचताना मुलांना बोलते करण्याची रीत शिकवली होती. अवघ्या एका महिन्यात त्या गटातील मुले बोलण्यात दुसऱ्या गटातील मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली.

ती रीत सोपी आहे. तहानलेल्या कावळ्याचे चित्र समोर आहे असे समजा. "हा कावळा आहे ना?" असे विचारल्यास मूल फक्त 'हो' म्हणेल. त्याऐवजी "कावळा काय करतोय?" असे विचारावे. मूल म्हणेल, "खडा टाकतोय." आपण म्हणावे, "होय, तो मडक्यात एकेक खडा टाकतोय. कशासाठी बरे?" मुलाने दिलेल्या उत्तरात दोन शब्दांची भर घालावी आणि त्याला ते पुन्हा म्हणू द्यावे. चुकल्यास रागावू नये. ही परीक्षा नव्हे.

आपल्या मुलांपैकी पुष्कळ जण आज इंग्रजी माध्यमात शिकतात. म्हणून घरीही इंग्रजीच वाचावे, असा पालकांचा समज असतो. पालक ज्या भाषेत सहज हसतात, रागावतात, आठवणी सांगतात, त्याच भाषेत गप्पा रंगतात. पुस्तक मराठी असो वा इंग्रजी, त्यावरची चर्चा सामवेदीत किंवा वाडवळीत झाली, तरी बिघडत नाही. घरच्या बोलीत पक्की झालेली समज दुसरी भाषा शिकताना कामी येते. उलट घरची बोली तुटली, तर नातवंडे व आजी-आजोबा यांच्यातील संवादच आटतो. ज्या आजीला वाचता येत नाही, तिनेही चित्रे पाहून गोष्ट सांगावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये व दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. बैठ्या वेळात वाचन व गोष्टी यांना प्राधान्य द्यावे, असेही त्यांत म्हटले आहे.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे. लोकलची गर्दी सोसून घरी आलेल्या आईवडिलांना तासभर बसणे शक्य नसते. पण रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर दहा मिनिटे काढता येतात. पुस्तकांचा खर्चही अवाढव्य नाही. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके माफक किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत.

मूल तेच पुस्तक दहाव्यांदा घेऊन आले, तर कंटाळू नये. परिचित गोष्टीतच त्याला पुढचे वाक्य स्वतः सांगण्याचे धैर्य येते. ते वाक्य ऐकायला आपण जवळ असावे, एवढेच पालकांनी करायचे आहे.