बोर्डिंगातलं वय

1901 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. मग इतर समाजांचीही निघाली. खेड्यातल्या पोरांना तिथे दोन वेळचं जेवण मिळे, आणि घराबाहेरचं कुणी विचारपूस करणारंही.

कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळीचा हुकूम झाला. त्यांनी तो धुडकावला, बोर्डिंग सुटलं. महाराजांनी थारा दिला. 1919 मध्ये याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली.

वयात येणारी मुलंही अशीच मोठ्यांचे नियम तपासून आपलं मत ठरवतात. त्याला उद्धटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. आधी ऐकून घ्यावं. मुलांना घरी मोकळं बोलता येत नसेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.